पुलाखालचे कांदे आणि गावभर गुपित

"आउट! आउट! आउट!" अरफात तिन्ही वेळा तीन वेगवेगळ्या दिशांना बोट करून ओरडला.

"कसला आउट? चेंडू पाचटात गेला! पाचटात गेला की फोर!" सुदर्शन बॅट खांद्यावर टाकत म्हणाला.

"काल इथं पाचट नव्हतंच," अमरीन म्हणाली, "मग ते नियमात कुठून आलं?"

प्रश्न बिनतोड होता. त्यामुळे सुदर्शनने घाईघाईने आपल्या नावावर चार धावा मोजून टाकल्या.

बेलमळ्याच्या या मैदानाला साऱ्या जुन्नर तालुक्यात तोड नव्हती. खरं म्हणजे ते मैदान नव्हतंच. तो कालवा होता. येडगाव धरणाच्या त्या कालव्यात पाणी नसलं की त्याचा सपाट तळ उघडा पडायचा आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचे उतरते काठ दिसायचे. चेंडू कितीही जोरात मारा, तो काठावर चढायचा, वर जाऊन जरा विचार करायचा आणि आपल्या पायांनी खाली यायचा. फिल्डर लागायचेच नाहीत! म्हणूनच ही जागा शेजारच्या वाडीतल्या पोरांना कळू द्यायची नाही, अशी चौघांनी शपथ घेतली होती. अरफातकडून दोनदा घेतली होती.

अमरीन बारा वर्षांची. अरफात तिचा धाकटा भाऊ. त्याच्या पोटात भाकरी राहायची, गोष्ट राहायची नाही. सुदर्शन पाणी वापर संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या. आणि चौथी संस्कृती, मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे आलेली.

"आमच्या मंचरला असं कोणी काठावर पाचट रचत नाही," संस्कृती म्हणाली. मंचरला काय काय होत नाही याची तिच्याकडे बरीच माहिती होती. "ऊस तुटून दोन महिने झाले. शेतातलं पाचट इथं कशाला आणलं असेल?"

अमरीन काठ चढून वर गेली. चेंडू शोधायला तिने पाचटात हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि कशावर तरी खट्‌कन आपटला.

"पाइप!" ती ओरडली. "नवाकोरा! एक नाही, पुष्कळ आहेत!"

अरफात आणि संस्कृती वर धावले. सुदर्शन मात्र खालीच राहिला. त्याला अचानक आपल्या चपलेचा अंगठा फार बघण्यासारखा वाटू लागला होता.

"ए पोरांनो!" पुलाखालून आवाज आला. "चेंडू माझ्या कांद्यात आला तर त्याची भाजी करून खाईन, सांगून ठेवते!"

ती प्रयागबाई. एप्रिलच्या वावटळीत तिच्या कांदाचाळीचे पत्रे उडाले होते. तेव्हापासून तिने आपले सगळे कांदे कालव्याच्या पुलाखाली आणून रचले होते. कोरडी जागा, दिवसभर सावली, दोन्हीकडून वारा. राखणीला ती स्वतः तिथंच पोतं टाकून बसायची.

"आजी, कांदे कधी विकणार?" अमरीनने विचारलं.

"भाव आला की. या कांद्यावरच आमच्या इंद्रायणीला जूनमध्ये नर्सिंगला धाडायची हाय. एकएक कांदा निवडून ठेवलाय बघ."

"आणि कालव्याला पाणी आलं तर?"

"कुठलं पानी? चेअरमन पारावर सगळ्यांम्होरं म्हनले व्हते, यंदा दुसरं आवर्तन न्हाई. मोठं मानूस हाय ते. उगीच बोलतंय व्हय?"

सुदर्शनने आता दुसऱ्या चपलेचा अंगठा बघायला घेतला.

दुपारी अमरीन अब्बांचा डबा घेऊन दुकानात गेली. नवाबभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली. खोलीत तांब्याची तार, वॉर्निशचा वास आणि एक कडक नियम: दुकानातली गोष्ट दुकानात. नवाबभाई म्हणायचे, "लोक इथं मोटारीबरोबर आपली अब्रूपण आणून टाकतात. कोणी आकडा टाकून मोटार जाळली, कोणी भावाशी भांडून. आपण तार गुंडाळायची, बोलणं नाही."

आज दुकानात पोत्याखाली झाकलेल्या तीन मोटारी होत्या. पोतं तोकडं होतं, मोटारी हिरव्या होत्या, आणि असा पोपटी हिरवा रंग गावात एकाच घराच्या फाटकाला होता.

"अब्बा, विहिरी आटल्यात, कालवा कोरडा आहे. मग तीन मोटारी एकदम कुणाला?"

"गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही, बेटा."

"नाव नाही विचारत. घाई किती आहे एवढंच."

"इतकी, की जेवायलापण वेळ नाही," असं म्हणत नवाबभाईंनी डबा बाजूला ठेवला.

अमरीन पुलाखालच्या कांद्यांचं सांगणार, एवढ्यात दारात जीप थांबली. चेअरमन चांगदेवराव उतरले. पांढरे कपडे, आणि चेहऱ्यावर नेहमी नुकताच सत्कार झाल्यासारखं हसू.

"नवाबभाई, चला, मोटारी बसवायलापन तुमीच या. झाकून घ्या जरा." मग त्यांची नजर अमरीनवर पडली. त्यांनी खिशातून एक गोळी काढली. "लई गुणाची पोर! दुकानातलं बाहेर न्हाई बोलत. व्हय ना?"

अब्बांना घेऊन जीप धुरळा उडवत गेली. अमरीनच्या हातात लिमलेटची गोळी राहिली आणि घशात बाकीचं सगळं.

चिंचेखाली तिघं वाट बघत होते. अमरीन आली ती सरळ सुदर्शनसमोर उभी राहिली.

"सुदर्शन, मला जे ठाऊक आहे ते मी सांगणार नाही. ती अब्बांच्या गिऱ्हाइकाची गोष्ट आहे. पण तू सकाळपासून चपला का बघतोयस?"

सुदर्शनने एक मोठा श्वास सोडला. तो सकाळपासून आत अडकला असावा.

"पाणी सुटलंय!" तो म्हणाला. "आज रात्रीपर्यंत इथं येईल. पहाटेच कालव्याचं पाणी बघणारा पाटकरी आमच्या ओसरीवर आला होता. काकांना म्हणाला, 'गावात सगळ्यांना सांगा.' काका म्हणाले, 'सांगतो की!'"

"मग सांगितलं का?"

"सांगितलं ना. घरातल्यांना. घरातलं बाहेर बोलायचं नाही हेपण सांगितलं."

"म्हणजे ते पाइप त्यांचेच! त्यांच्या मोटारी आधी बसणार आणि गाव मागाहून!" संस्कृती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "किती आपमतलबी!"

"अगं, पण काकांचं अगदीच खोटं नाही," सुदर्शन कळवळून म्हणाला. "मागच्या वेळी सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या आणि ताण येऊन विजेची डीपी उडाली. लाइट गेली ती गेलीच. पाणी डोळ्यांदेखत पुढं श्रीगोंद्याला निघून गेलं. काका म्हणतात, सगळ्यांना कळलं की कुणालाच मिळत नाही."

 हेच तर आपलंही म्हणणं होतं, असं अमरीनच्या मनात आलं. शेजारच्या वाडीला कळलं तर आपल्याला खेळायला मिळायचं नाही! आपलं असलं की गुपित, आणि चेअरमनचं असलं की कारस्थान!

"पण आपल्या पिचवर कुणाचे कांदे नाहीत," ती म्हणाली. "आजी तळाला बसलीय. तिला सांगायलाच हवं!"

चौघं पळत पुलाखाली गेले. प्रयागबाईने सगळं ऐकून घेतलं, त्यांना माठातलं गार पाणी दिलं आणि म्हणाली, "द्वाडांनो, म्हातारीची चेष्टा करताय व्हय? पानी यायचं असतं तर चेअरमननं मला सांगितलं नसतं? हा सुदर्शन सांगंल की!"

"आजी, मीच सांगतोय!" सुदर्शन रडकुंडीला आला.

"तू? तू मघाशी पाचटातल्या चेंडूला फोर म्हनत व्हतास."

झालं! आणि ती हलली असती तरी एवढे कांदे चार पोरं कुठवर उचलणार? सारं गाव हवं होतं.

"देवळाच्या माइकवरून सांगू!" अरफात म्हणाला.

"ऐकणार कोण?" संस्कृती म्हणाली. तिला इथं येऊन आठवडाच झाला होता, पण तिने गाव ओळखलं होतं. "त्या माइकवर रोज घरपट्टी भरा म्हणून सांगतात. माइक खरखरला की मामा टीव्हीचा आवाज वाढवतो. गोष्ट गावभर करायची असेल तर ती सांगायची नसते. लपवायची असते!"

"कुणाकडे?"

संस्कृतीने गिरणीकडे बोट दाखवलं. गिरणीच्या दारात गोजरबाई दळणाचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"मावशी," संस्कृती त्यांच्या कानाशी लागली, "एक सांगते, पण कुणाला सांगू नका. आज कालव्याला पाणी येतंय. प्रयागआजीचे कांदे पुलाखाली आहेत आणि ते हलवायला गाव लागणार आहे. पण शप्पथ, कुणाला कळता कामा नये!"

गोजरबाईंचे डोळे चमकले. "माझ्या पोटातनं बाहेर जायचं न्हाई!" असं म्हणून त्या दळण तिथंच टाकून लगबगीने निघाल्या. गिरणीवाल्याने हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही.

चौघं कालव्याकडे जाऊन बसले. आता गाव येईल! पाट्या येतील, बैलगाड्या येतील!

कोणीच आलं नाही.

अमरीन उठून गावात गेली, तो गावात भलतीच धावपळ! भागूचं दुकान भर दुपारी बंद. एक आजोबा डोक्यावर ट्रंक घेऊन टेकडीच्या दिशेने निघालेले. आणि सावळेराम एका शेळीला शिडीवरून गच्चीवर ढकलत होता. शेळीचा त्याला सक्त विरोध होता.

"काका, काय झालं?"

सावळेरामने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "धरन फुटलंय! कुनाला सांगू नको!"

अमरीनने कपाळावर हात मारला. गुपित गावभर पोचलं होतं, यात शंकाच नव्हती. पण जाता जाता प्रत्येकाने त्यात घरचं थोडं घातलं होतं. पाणी 'लई पाणी' झालं, मग धरणाला भेग पडली, मग धरणच फुटलं. कांदे तर दुसऱ्या-तिसऱ्या तोंडातच गळून पडले असावेत.

आता एकच उपाय होता. ती मारुतीच्या देवळाकडे धावत सुटली. माइकच्या कपाटाची किल्ली खुंटीवर असते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणूनच ती कधी कोणी चोरली नव्हती.

"फू! फू! हॅलो!" अमरीनचा आवाज कर्ण्यातून चिरकला. "ऐका! धरण फुटलेलं नाही! धरण ठणठणीत आहे!"

आजवर त्या माइककडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. पण शेळ्या गच्चीवर चढवून झाल्यावर असं ऐकू आलं, तर माणूस चिडणारच. बघता बघता पाराभोवती गर्दी जमली.

"कालव्याला पाणी येतंय, आज! नेहमीचं आवर्तन आहे. पण प्रयागआजीचे सगळे कांदे पुलाखाली आहेत, आणि ती तिथून उठत नाहीय! सगळ्यांनी पाट्या घेऊन चला!"

गर्दीमागे जीप थांबली. चांगदेवराव उतरले. त्यांच्या पाठोपाठ हात काळे झालेले नवाबभाई.

"काय चाललंय हे?" चांगदेवराव म्हणाले. हसू तसंच होतं, फक्त जरा घट्ट झालं होतं. "कुनी सांगितलं तुला, पोरी?"

अमरीनने अब्बांकडे बघितलं. तीन हिरव्या मोटारी तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभ्या राहिल्या. बोलली असती तर साऱ्या गर्दीला लगेच पटलं असतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मग उघडले.

"ते मी नाही सांगणार. पण खरं आहे."

"बघा!" चांगदेवराव गर्दीकडे वळले. "सकाळपासनं पोरं गावभर—"

"मी सांगितलं!"

सुदर्शन पारावर चढला होता. या वेळी तो चपलांकडे बघत नव्हता.

"काका, पाटकरी आपल्या ओसरीवरच बोलला ना? सगळ्यांना सांगा म्हणाला ना? आजीला तुम्हीच पारावर सांगितलं होतं, पाणी येणार नाही म्हणून. ती अजून तुमच्यावर भरवसा ठेवून तिथं बसलीय. माझ्यावर ठेवत नाही!"

सगळ्यांच्या माना चेअरमनकडे वळल्या. गच्चीवरून शेळीही ओरडली.

"सांगनारच व्हतो की," चांगदेवराव कॉलर सारखी करत म्हणाले. "संध्याकाळी. पानी रात्रीशिवाय येत न्हाई. आन् मागल्या वेळी डीपी उडाली ते इसरलात व्हय? म्हनून म्हनलं, जरा बेतानं सांगावं..."

"तुमच्या मोटारी बसल्या की बेत जमतोय, राव!" कोणीतरी मागून म्हणालं आणि गर्दी हसली.

नवाबभाई पुढे आले. "चेअरमन, मोटार कुणाची, ते मी आजवर बोललो नाही, बोलणारही नाही. पण पाणी येतंय हे तुमच्या एकट्याचं नाही. प्रयागबाई खाली बसलीय हे मला ठाऊक असतं, तर हातातली तार टाकून पळालो असतो. डीपीचं मागून बघू. आधी कांदे!"

मग मात्र गाव निघालं! पाट्या, घमेली, गोण्या, कोणी तर टेकडीवर न्यायला बांधलेली ट्रंकच रिकामी करून आणली. चांगदेवरावांची जीप सगळ्यांत पुढे होती, कारण तिच्यात न विचारताच माणसं चढून बसली होती. प्रयागबाईने गाव येताना बघितलं, चेअरमनना तळात उतरताना बघितलं आणि ती काय ते समजली.  पदर खोचला आणि पहिली पाटी तिनेच भरली.

काठावर माणसांची रांग लागली. या हातातून त्या हातात पाट्या चढू लागल्या. अमरीनने अरफातला वरच्या वळणावर उभं केलं.

"पाणी दिसलं की ओरड. जमेल?"

जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी अरफातला ओरडायला सांगत होतं. आनंदाने त्याचा ऊर भरून आला.

ऊन कलत आलं. पुलाखाली आता थोडेच कांदे उरले होते. "अजून लई टाइम हाय," चांगदेवराव घाम पुसत म्हणत होते, "रात्रीशिवाय पानी..."

"आलं! आलं! आलं!" वळणावरून अरफात तीन दिशांना तीनदा ओरडला.

कोरड्या कालव्यात पाणी येतं तेव्हा गाजावाजा करत येत नाही. आधी वाळलेली पानं आपोआप सरकायला लागली. मग त्यांच्यामागून मातकट फेसाची एक जीभ तळावरून पसरत आली. बघता बघता घोटा बुडाला.

"वर या! सगळे वर या!" नवाबभाई ओरडले.

सगळे वर आले. तळात उरले एकटे चांगदेवराव. शेवटची पाटी त्यांच्या डोक्यावर होती, पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि सिमेंटच्या काठावरून पाय घसरत होता. एक चप्पल तर पुढे निघूनही गेली होती.

"पाटी सोडा, चेअरमन!"

"सोडतो कसली!" चांगदेवराव दात आवळून म्हणाले. "इंद्रायणीच्या नर्सिंगचे कांदे हायेत!"

प्रयागबाईने वाकून हात दिला, तिला नवाबभाईंनी धरलं, नवाबभाईंना सावळेरामने. सगळ्यांनी मिळून चेअरमन आणि कांदे, दोघांनाही वर ओढलं. खाली पाण्याने पोरांची पत्र्याच्या डब्याची विकेट उचलली आणि डुलत डुलत नेली. सकाळी याच जागी आपण उभे होतो, हे आठवून अमरीन काठापासून दोन पावलं मागे सरकली.

काठावरच बैठक बसली. डीपीला एका वेळी किती मोटारी झेपतात ते नवाबभाईंनी सांगितलं. मोटारी पाळीपाळीने चालवायच्या आणि आज पाळी कुणाची ते रोज सकाळी माइकवरून सांगायचं, असं ठरलं. सांगणार अमरीन. तिचा आवाज आता लोक ऐकत होते.

"माझी पाळी... शेवटी घाला," चांगदेवराव हळूच म्हणाले. हसू पाण्यात गेलं होतं, पण त्याविना ते बरे दिसत होते.

"मधी कुठंतरी घाला," प्रयागबाई म्हणाली. "भिजलंय बिचारं. आन् पुढल्या टायमाला माझ्या तोंडावर खरं बोला म्हंजे झालं." मग तिने चौघांना जवळ ओढलं आणि गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "मी म्हातारी मोठ्या मानसाचं नाव बघत बसले. ही पोरं नसती तर आज कांदंबी गेलं असतं आन् मीबी!"

घरी जाताना अमरीन म्हणाली, "अब्बा, मी दुकानातलं बाहेर नाही नेलं."

"ठाऊक आहे, बेटा." नवाबभाईंनी काळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "मोटार कुणाची, ते गिऱ्हाइकाचं. पाणी येतंय, ते ज्याचे पाय तळाला आहेत त्याचं. मला आज उमगलं. तुला माझ्याआधी उमगलं होतं."

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईने चौघांना बोलावून आवाज खाली आणला.

"ओढ्याकाठी माझं रायवळ आंब्याचं झाड हाय. मधासारखा आंबा! पाडाला लागलाय. फकस्त तुमाला सांगते. कुनाला सांगू नगा हां."

तिघांनी अरफातकडे बघितलं. अरफातने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. संध्याकाळपर्यंत तरी धरलं असेल.

सकाळी चौघं ओढ्यावर गेले, तर झाडाखाली बेलमळ्याची सगळी पोरं हजर! शिवाय शेजारच्या वाडीचीसुद्धा!

"अरफात!" अमरीन किंचाळली. "आजी, चुकलं आमचं. यानं सगळ्यांना..."

प्रयागबाई बुंध्याला टेकून निवांत बसली होती. तिच्यासमोर रिकाम्या पाट्यांची चळत होती.

"चुकलं कसलं? एवढ्या थोरल्या झाडाचा आंबा चौघांनी उतरला असता व्हय?" तिने एक पाटी अरफातच्या हातात दिली. "म्हनून तर तुला सांगितलं!"